फॅमिली डॉक्टर कुणाला?

ह्यूस्टनला आलो तेव्हा नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यातून महिन्याभरात 'प्रायमरी केअर'ची डॉक्टर मिळाली. गुजराती आहे. माझी शुगर माझ्याआधी तिला आठवते, आणि भातावरून दर खेपेला बोलणी बसतात ती वेगळीच.

आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या होंडुरासच्या ताईंना 12 वर्षांत असं हक्काचं कुणी नाही. डोकं जड झालं की फार्मसीतल्या मशीनमध्ये हात घालून बीपी बघायचं, चक्कर आली तर थेट इमर्जन्सी. 1986 च्या कायद्यामुळे तिथे तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही. पण पुढच्या महिन्याच्या गोळ्या कोण लिहून देणार?

आमच्या टेक्सास राज्याने मेडिकेडची, म्हणजे कमी मिळकतीच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याची, व्याप्ती वाढवलीच नाही. अमेरिकेत राहायची कागदपत्रं नसतील तर ओबामाकेअरच्या, म्हणजे ओबामांच्या काळातल्या आरोग्यविमा कायद्याच्या, बाजारातला विमा पदरचे पैसे मोजूनही मिळत नाही. अमेरिकेत नेहमीचा डॉक्टर नसलेल्यांत लॅटिनोंचं, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांचं, प्रमाण मोठं आहे, ते काय त्यांना डॉक्टर आवडत नाहीत म्हणून?

शेवटी मिळकतीप्रमाणे फी घेणारं एक कम्युनिटी हेल्थ सेंटर सापडलं. पहिली अपॉइंटमेंट 7 आठवड्यांनी. ताईंनी ती माझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिली, संकष्टीच्या चौकोनात, स्पॅनिशमध्ये.