तुम्ही विचारलंत म्हणून: बडाखान्याला ब्लेझर कशाला?

परवा एका लग्नात पुन्हा हाच प्रश्न आला. ऑफिसर्स मेसमध्ये, म्हणजे मिलिटरीतल्या अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या-कार्यक्रमांच्या जागी, ड्रेस कोड असतो ते समजतं हो, पण जवानांच्या बडाखान्याला, म्हणजे पलटणीच्या एकत्र जेवणाला, तर कोणी काही सांगत नाही, तरी तुम्ही बँडवाले पाचही जण ब्लेझर-टाय घालून का उभे राहता, ते पण मे महिन्यात? दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच आणि मी दरवेळी "सवय झालीये" म्हणून वेळ मारून नेतो. आता विचारलंतच तर नीट सांगतो.

आमचा कव्हर बँड आहे, म्हणजे स्वतःची गाणी नाहीत, लोकांना आवडणारी गाणी वाजवतो, साठ-सत्तरची इंग्रजी, जुनी हिंदी, थोडं नवीन. पुण्यात राहून हे काम करायचं तर मिलिटरीपासून लांब राहताच येत नाही. सदर्न कमांडचं हेडक्वार्टर इथे, खडकीला बॉम्बे सॅपर्स ही इंजिनिअर पलटण, दापोडीला सीएमई हे मिलिटरीचं इंजिनिअरिंग कॉलेज, वानवडीला एएफएमसी हे मेडिकल कॉलेज, लोहगावला एअरफोर्स, खडकवासल्याला एनडीए, आणि गाडी काढली की लोणावळ्याला नेव्हीची आयएनएस शिवाजी, देवळालीला तोफखाना, नगरला रणगाडे. वर्षातले बरेचसे कार्यक्रम आम्हाला इथूनच मिळतात.

पहिला मेसचा कार्यक्रम ३१ डिसेंबर २०११ चा. ज्याच्यामार्फत काम मिळालं त्याने वेळ सांगितली, पैसे सांगितले, गेटवर ओळखपत्र आणि गाडीचा नंबर आधी पाठवायचा हे सांगितलं, पण निमंत्रणावर 'ड्रेस: कॉम्बिनेशन' लिहिलंय हे सांगितलंच नाही. कॉम्बिनेशन म्हणजे ब्लेझर, वेगळ्या रंगाची पँट आणि टाय. आम्ही बँडचं नाव छापलेले काळे टी-शर्ट, जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घालून गेलो. सामान लावून झालं, साउंड चेक झाला, आणि मग मेस हवालदार येऊन अतिशय नम्रपणे म्हणाला की सर, ऐसे तो नहीं हो पाएगा. कॉलर नाही, जीन्स चालत नाही, शूज लेदरचे लागतात. वाजलेत साडेसात, पाहुणे साडेआठला येणार.

तेव्हा मेस सेक्रेटरी म्हणून एक तरुण कॅप्टन होता, पंचवीस-सव्वीसचा असेल. तो शेजारच्या क्वार्टर्समध्ये गेला आणि बिनलग्नाच्या ऑफिसर पोरांच्या कपाटातून पाच शर्ट, पाच टाय, चार ब्लेझर, मिळतील तशा पँटी आणि बूट घेऊन आला. आमच्या कीबोर्डवाल्याला टाय बांधता येत नव्हता तर त्याने स्वतः समोर उभं राहून बांधून दिला. बाराला लाउडस्पीकर बंद करायचा असतो (एरवी दहालाच, पण वर्षातले थोडे दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं आणि थर्टी फर्स्ट बहुतेक त्यात असतो), तोपर्यंत आम्ही लोकांच्या कपड्यात वाजवलं. ड्रमरचे बूट एक नंबर मोठे होते, पेडलवरून पाय सारखा सटकत होता, तरी त्याने काढले नाहीत.

बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही की हे कपडे वाजवायच्या आड किती येतात. गिटारचा पट्टा कॉलर खाली ओढतो, मान घासून लाल होते. बेल्टच्या बकलने गिटारच्या पाठीवर ओरखडे पडतात, म्हणून मी बकल बाजूला सरकवून ठेवतो. टाय तारांवर येतो, तो शर्टाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बटणातून आत खोचायचा. लेदरच्या सोलवर पेडल सुटतं, त्यावर ड्रमरने शेवटी खाली रबर लावून घेतलं. आणि घाम! एप्रिल-मे मध्ये लॉनवर दोन तास वाजवलं की ब्लेझरचं अस्तर पिळून काढावं लागतं, खरंच पिळून.

त्या रात्री कॅप्टनबद्दल कृतज्ञता वाटली पण नियमाबद्दल रागच आला, आणि तो पुढे दोनेक वर्षं राहिला. हे सगळं इंग्रजांचं उरलेलं आहे असं मी तावातावाने बोलायचो. १९८८ मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आहेत म्हणून मुंबईच्या विलिंग्डन क्लबने आत घेतलं नव्हतं, ते उदाहरण माझ्या तोंडी कायम असायचं. पुढे २०१४ ला चेन्नईत एका क्लबने वेष्टी (तिकडचं धोतर) नेसलेल्या हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना अडवलं आणि तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी त्याविरुद्ध कायदाच केला, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आजही माझं मत तेच आहे की आपल्या माणसाला आपल्याच कपड्यात कुठे अडवू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेव्हीने मेसमध्ये कुर्ता-पायजमा आणि वर बिनबाह्यांचं जॅकेट चालेल असं ठरवलं, ते मला मनापासून आवडलं, फार आधी व्हायला हवं होतं. तेव्हा मी ड्रेस कोडचा भक्त वगैरे आहे असं समजू नका.

पण माझं उत्तर मेसमध्ये नाहीच आहे, ते बडाखान्यात आहे.

बडाखाना म्हणजे पलटणीतले अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात तो कार्यक्रम, रेझिंग डेला (पलटणीच्या स्थापना दिवसाला) किंवा सणाला होतो. २०१४ च्या थंडीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीच्या बडाखान्याला आम्हाला बोलावलं. फोनवर मी मुद्दाम विचारलं, कपड्यांचं काय? समोरचा म्हणाला काही नाही, जवान लोक आहेत, काहीही घाला. आम्हाला सुटल्यासारखं झालं. गोल गळ्याचे टी-शर्ट, आमचा बेसवाला तर थ्री-फोर्थमध्ये.

स्टेजवर चढलो, लाइट लागले आणि समोर पाहिलं. सतरंज्यांवर ओळीने चारेकशे माणसं, सगळे मुफ्तीत, म्हणजे साध्या कपड्यात, पण ते कपडे बघायला हवे होते तुम्ही. पांढरे फुल शर्ट, खोचलेले, बाहीवरची इस्त्रीची घडी सुरीसारखी, केस कापलेले, दाढी गुळगुळीत. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर नाईक हुद्द्याचा एक जवान फर्माइशीची चिठ्ठी घेऊन आला, खटाव तालुक्यातला होता, सावकाश बोलणारा. चिठ्ठी दिली, मग माझ्या टी-शर्टाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "दादा, तुमच्या बॅगा मागं राहिल्या का गाडीत? माझा धुतलेला एक शर्ट आहे, आणू का?"

त्याच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता. त्याला खरंच वाटलं की आमचं सामान पोचलं नाही, नाहीतर माणसं असं कशाला उभी राहतील. मला काय बोलावं सुचेना, मी नको म्हणालो आणि पुढचं गाणं सुरू केलं.

जेवताना तोच परत शेजारी येऊन बसला आणि आपणहून सांगत होता, त्यांच्या बॅरॅकमध्ये इस्त्र्या दोनच, दुपारपासून नंबर लागला होता, त्याचा पाचला आला. त्याच्या पलीकडे पलटणीच्या बँडमधला क्लॅरिनेट वाजवणारा एक हवालदार होता, पचमढीच्या आर्मीच्या म्युझिक स्कूलमध्ये शिकून आलेला. नोटेशन माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं वाचत असणार, मला तर वाचता येतच नाही. त्याने आमच्या गाण्यातल्या एका सुरावटीबद्दल नेमका प्रश्न विचारला, आणि मग बोलता बोलता परेडच्या आदल्या रात्री ब्रासो (पितळेचं पॉलिश) लावून वाद्यं कशी चमकवतात ते सांगितलं. या लोकांकडे एक शब्द आहे, टर्नआउट. माणूस कसा तयार होऊन समोर उभा राहतो ते. त्या रात्री आमचा टर्नआउट काय होता ते त्या दोघांपैकी कोणीच काढलं नाही, त्यामुळे ते मला जास्त लागलं.

जेवणानंतर दुसऱ्या भागात आमच्याकडे असलेली तीनच मराठी गाणी वाजवली, तीच परत दोनदा वाजवली. ड्रमरने रोल सुरू केला की मागच्या ओळींतून "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" असा आवाज उठायचा की स्टेजच्या फळ्या हलल्यासारख्या वाटायच्या. इतकं दिलं त्या लोकांनी आम्हाला, आणि आम्ही मात्र घरच्या कपड्यात गेलो होतो.

परतताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही. मी एवढंच म्हणालो की साहेब लोकांसमोर टाय आणि जवानांसमोर थ्री-फोर्थ, हे बरोबर नाही. मेसमध्ये आपण नीट कपडे घातले कारण नाहीतर आत घेतलं नसतं. इथे आत घेतलं, काही न बोलता घेतलं, तर इथे आपण कसे आलो? बेसवाला म्हणाला, कळलंय, आता पुरे. पुढच्या आठवड्यात लक्ष्मी रोडवर जाऊन आम्ही पाच नेव्ही ब्लू ब्लेझर घेतले, आणि वीस मराठी गाणी बसवायला घेतली. गाण्यांना चार महिने लागले. कव्हर बँडला दुसऱ्याची गाणी वाजवायला काही वाटत नाही, पण समोरच्याला आपली वाटतील अशी गाणी आपल्याकडे नव्हती, हे मला कपड्यांइतकंच खुपलं होतं.

तर म्हणून. आम्हाला कोणी सांगितलेलं नाही, आणि नवीन बँडवाली पोरं विचारतात तेव्हा त्यांनाही मी हे करा असं सांगत नाही, फक्त मेसचं काम असेल तर निमंत्रणावरची ड्रेसची ओळ फोटो काढून मागवा एवढं नक्की सांगतो.

येत्या शनिवारी देवळालीला बडाखाना आहे. आयोजकांचा फोन आला, म्हणाले ऊन फार आहे, कपडे कुठलेही चालतील. मी ग्रुपवर नेहमीचा मेसेज टाकला, ब्लेझर, काळे बूट, इस्त्रीचे दोन शर्ट, एक जास्तीचा. ड्रमरने खाली लिहिलं, तीन आणतो, तिथे कोणाला लागला तर.