सहाच्या सहा इंजेक्टर बदला म्हणे

गाडी सकाळी उशिरा पकडायला लागली, पकडली की मिनिटभर पांढरा धूर, मग आयडलला एक सिलिंडर मिस मारल्यासारखी थरथर, लोड असला की चढाला पिकअप नाही आणि ॲव्हरेज तर महिनाभर गुपचूप खाली चाललेला. हे सगळं सर्व्हिस सेंटरला सांगून गाडी लावली आणि संध्याकाळी इस्टिमेट आलं. सहा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) नवे, प्लस लेबर, प्लस कोडिंग. आकडा इथे लिहीत नाही, ज्यांच्याकडे कॉमन रेलचा, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या नळीतून (रेल) सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारा, ट्रक आहे त्यांना अंदाज आहेच, आणि ज्यांना नाही त्यांनी सुखाने झोपावं.

मी एवढंच विचारलं की स्कॅनरला काय आलं. उत्तर आलं, "सर, रेल प्रेशर लो चा कोड आहे." बरं, मग? "मग इंजेक्टरच असतात सर, या मॉडेलला कॉमन आहे."

इथेच माझं डोकं फिरलं. रेल प्रेशर लो म्हणजे रेलमध्ये दाब बनत नाहीये किंवा टिकत नाहीये, बस. टाकीतून डिझेल निघतं, फिल्टरमधून जातं, हाय प्रेशर पंपात येतं, तिथून रेलमध्ये, रेलमधून प्रत्येक इंजेक्टरला. या अख्ख्या रस्त्यात कुठेही गडबड झाली तरी कोड तोच. फिल्टर चोक असू शकतो, सक्शनच्या बाजूला कुठल्यातरी सैल क्लिपमधून पाइप हवा ओढत असू शकतो, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकलेला असेल, रेलवरचा रिलीफ व्हॉल्व्ह गळत असेल, सेन्सरच खोटं बोलत असेल, आणि हो, इंजेक्टर पण असू शकतात. यातल्या अर्ध्या गोष्टी इंजेक्टरच्या मानाने चिल्लर आहेत. कोड वाचून सगळ्यात महागाची वस्तू आधी बदलायची आणि नाही झालं तर पुढची, असल्या पद्धतीला माझ्या मते रिपेअर म्हणू नये. तो मालकाच्या खिशातून खेळलेला जुगार आहे.

महाग का असतात ते मात्र समजून घेतलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक बिल लुटीचंच वाटतं. जुन्या मेकॅनिकल इंजिनांचं नोजल साधारण २००-३०० बारला (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब) उघडायचं, पंपवाला मिस्त्री खोलायचा, शिम म्हणजे पातळ चकती बदलायचा, हँड पंपवर फवारा बघायचा आणि बसवून द्यायचा. ट्रकमध्ये कॉमन रेल पहिल्यांदा १९९५ मध्ये जपानमध्ये डेन्सोने आणली, कारमध्ये १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ला आली, आणि तेव्हापासून दाब वाढतच गेला. आता १६०० ते २५०० बार नॉर्मल झालंय. नोजलची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास आणि आतल्या सुईची फिटिंग जेमतेम काही मायक्रॉनची. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते समजा. त्यात एका पॉवर स्ट्रोकला एकदाच डिझेल मारायचं असंही नाही, आधी एक-दोन मिलिग्रॅमचा पायलट, मग मेन, काही इंजिनांत नंतर पोस्ट. एवढं बारीक काम करणाऱ्या वस्तूत पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण गेला की काय होणार ते वेगळं सांगायला नको.

तर गाडी मी तिथून उचलली आणि फक्त इंजेक्टर-पंपाचंच काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आल्याआल्या इंजेक्टरला हातसुद्धा लावला नाही. आधी ऑइलची डिपस्टिक काढून वास घेतला. कारण इंजेक्टर आतून टिपकत असेल तर डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून खाली संपमध्ये, म्हणजे ऑइलच्या तळटाकीत, उतरतं आणि ऑइलची लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढते. वाढलेली लेव्हल बघून खूश होणारे लोक मी पाहिलेत. आमची लेव्हल ठीक होती, वास नव्हता, म्हणजे टिपकणारा नाही. टिपकणारा असता तर गाडी तिथेच उभी करायची, कारण असा इंजेक्टर चालवत राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं आणि मग इंजेक्टरचं बिल स्वस्त वाटायला लागतं.

मग फिल्टर काढला आणि करवतीने उभा कापला. हे मी आधी कुणालाच करताना बघितलं नव्हतं. आतला कागद उलगडून उन्हात धरला, बोट फिरवलं, चुंबक फिरवला. मला म्हणाले, "इथे चमकी दिसली असती ना, तर तुमचं सगळंच गेलं असतं." हाय प्रेशर पंप आतून खरडायला लागला की धातूचा बारीक भुगा सगळ्या सिस्टिममध्ये फिरतो, रेल, पाइप, इंजेक्टर, रिटर्नमधून परत टाकी. अशा वेळी नुसते इंजेक्टर टाकले तर नवे इंजेक्टर पण त्याच भुग्याने मरतात, पंप, रेल, पाइप सगळं बदलून टाकी धुवावीच लागते, तिथे काटकसर चालत नाही. आमच्या कागदावर चमकी नव्हती. होता तो तांबूस चिकट थर, घड्यांच्या तळाशी, बोटाला साबणासारखा लागणारा. गंज आणि पाणी. म्हणजे पंप वाचलाय पण पाणी फिल्टरपर्यंत पोचलंय आणि थोडंफार पुढेही गेलंय.

नंतर रिटर्नची टेस्ट. ही प्रत्येक ट्रकवाल्याने एकदा तरी डोळ्यांनी बघावी. इंजेक्टर उघडतो तेव्हा त्याच्या वरच्या छोट्या व्हॉल्व्हमधून थोडं डिझेल रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, सोडलं जातं, त्याने सुईच्या डोक्यावरचा दाब उतरतो आणि सुई उचलते. म्हणजे थोडा रिटर्न असतोच. पण तो व्हॉल्व्ह झिजला की डिझेल सतत रिटर्नला पळतं आणि पंप कितीही ओतू दे, रेल भरत नाही. सेल्फ मारताना पंप हळू फिरतो, आणि रेलमध्ये साधारण २००-२५० बार झाल्याशिवाय बऱ्याच इंजिनांचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर फायरच करत नाही. म्हणून सकाळचं लांबलेलं क्रँकिंग. मिस्त्रींनी सहा रिटर्न नळ्या काढून सहा पारदर्शक बाटल्यांत सोडल्या, बाटल्यांवर रेघा मारलेल्या, आणि गाडी आयडलला ठेवली. बघता बघता तीन नंबरची बाटली भरत आली तेव्हा बाकीच्यांचा तळ जेमतेम झाकला होता. पाच नंबर जरा पुढे. एवढ्यानेच सहापैकी चार इंजेक्टरवरचा संशय बराच कमी झाला आणि यासाठी लागल्या सहा बाटल्या आणि थोडी नळी.

सगळ्या इंजिनांत हे इतकं सोपं नसतं हे पण सांगतो. बऱ्याच मोठ्या इंजिनांत रिटर्न हेडच्या आतल्या गॅलरीतून जातो, बाहेर वेगळ्या नळ्या नसतात, तिथे एकेका इंजेक्टरची हाय प्रेशर लाइन टोपीने बंद करून बघतात की कुठला बंद केल्यावर प्रेशर चढतं. वेळ जास्त जातो, लेबर जास्त लागतं, आणि ते लेबर मी आनंदाने देईन.

शिवाय कॉम्प्रेशन. मिस कुठला सिलिंडर मारतोय ते स्कॅनरवर एकेक इंजेक्टर कट करून कळतं, पण तो सिलिंडर इंजेक्टरमुळेच मिस मारतोय का, हे त्याने कळत नाही. रिंगा गेल्या असतील, व्हॉल्व्ह जळला असेल किंवा टॅपेट टाइट असेल तर सोन्याचा इंजेक्टर घातला तरी मिस तसाच राहणार. आमचं कॉम्प्रेशन सहाही ठिकाणी जवळपास सारखं आलं.

आता एक बदलायचा का सगळे, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत असं की काढायचे सगळे, बदलायचे फक्त जे टेस्ट बेंचवर, म्हणजे इंजेक्टर तपासायच्या मशीनवर, नापास होतील ते. एकाच वेळचे, एकाच डिझेलवर चाललेले सहा इंजेक्टर असतात, तीन नंबर मेला तर बाकीचे अगदीच कोवळे नसणार, आणि ज्या इंजिनात टॅपेट कव्हर उघडून काम आहे तिथे लेबर दोनदा देण्यात अर्थ नाही. म्हणजे सर्व्हिस सेंटरवाल्यांच्या म्हणण्यात तेवढा दम होता. फक्त "काढा" आणि "नवे टाका" यात टेस्ट बेंच नावाची पायरी असते, ती त्यांनी गिळली होती.

सगळे काढले. पहिले पाच थोडं हलवून आले, सहावा कार्बनने असा बसला होता की रस्ट रिमूव्हर टाकून रात्रभर ठेवावा लागला आणि दुसऱ्या दिवशी स्लाइड हॅमरच्या पुलरने एकेक ठोका देत वर आणला. इथे जोर करणारा घाईघाईचा माणूस असेल तर इंजेक्टर आतच तुटतो आणि हेड खाली उतरवायची पाळी येते, म्हणून लेबर स्वस्त कुठे आहे हे बघून हे काम देऊ नका. काढलेल्या तीन नंबरचा तांब्याचा वॉशर बघितला तर एका बाजूला डांबरासारखा काळा थर. खालून कंप्रेशनची गॅस पण निसटत होती थोडी.

बेंचवर काय बघायचं ते मी तिथे बसून शिकलो. फुल लोड, पार्ट लोड, आयडल आणि पायलट, अशा वेगवेगळ्या पॉइंटला किती डिझेल मारतो आणि किती रिटर्न सोडतो, आणि कंपनीची लिमिट काय आहे, हे प्रिंट होऊन येतं. तो कागद मागून घ्या. आधीचा आणि रिपेअरनंतरचा, दोन्ही. नुसतं "टेस्ट केलाय, ओके आहे" याला काडीची किंमत नाही. आमचा तीन नंबर रिटर्नला साफ नापास, पाच नंबर काठावर पण पायलटला कमी मारत होता, बाकी चार लिमिटमध्ये. तीन आणि पाचला व्हॉल्व्ह आणि नोजल ओरिजिनल टाकून रिपेअर केलं, बाकीच्यांना सफाई आणि नवे सील. रिपेअर शक्य आहे का हे इंजेक्टरवर पण अवलंबून असतं, सोलेनॉइडवाले (विद्युतचुंबकावर चालणारे) बहुतेक होतात, पिझोवाल्यांना (क्रिस्टलवर चालणाऱ्यांना) पार्ट आणि करणारे दोन्ही कमी मिळतात.

आणि कोडिंग. प्रत्येक इंजेक्टर बनताना थोडा वेगळा निघतो म्हणून त्याच्या अंगावर एक करेक्शन कोड छापलेला असतो आणि तो ईसीएमला भरावा लागतो, मग ईसीएम त्या त्या सिलिंडरला डिझेल थोडं कमी-जास्त करतो. रिपेअरमध्ये आतले पार्ट बदलले म्हणजे जुना कोड आता त्या इंजेक्टरचा राहिला नाही, चांगल्या बेंचवर नवा कोड बनवून मिळतो. जो म्हणेल कोड वगैरे काही लागत नाही, फक्त बसवा, त्याच्याकडून चहा सुद्धा घेऊ नये. गाडी चालते हो कोडशिवाय, पण खडखड, धूर आणि ॲव्हरेजची रडगाणी परत सुरू.

बसवताना नवे तांब्याचे वॉशर, सीट ब्रशने साफ, टॉर्क रेंचने क्लॅम्प. हाय प्रेशर पाइप एकदा सैल केला की नवाच टाका असं बऱ्याच कंपन्या सांगतात, मी टाकले. आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, चालू इंजिनात गळती कुठे आहे हे हाताने चाचपायचं नाही. तो बारीक फवारा कातडी फोडून आत घुसतो, बाहेरून टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट कुजतं. जुने मिस्त्री जुन्या पंपाच्या सवयीने युनियन (पाइपचा नट) ढिली करून सिलिंडर चेक करतात, कॉमन रेलवर ते अजिबात चालत नाही. पुठ्ठा फिरवायचा, तोही लांबून, आणि नट आवळायचा तर इंजिन बंद करून प्रेशर उतरल्यावर.

बिल आलं ते पहिल्या इस्टिमेटच्या निम्म्याच्याही बरंच खाली, टाकी उतरवून धुतली ते धरून. टाकी धुणं माझ्या हट्टाने नाही, मिस्त्रींनीच अट घातली, म्हणाले तळात पाणी ठेवून मी गॅरंटी देणार नाही. बरोबर आहे, पाण्याने मेलेला इंजेक्टर बदलून पाणी तसंच ठेवलं तर परत यायचंच. आता वॉटर सेपरेटरचा कॉक ड्रायव्हर नियमित उघडतो, अर्ध्या टाकीवर गाडी दिवसेंदिवस उभी ठेवत नाही, आणि फिल्टर ओरिजिनल. स्वस्त फिल्टर बाहेरून हुबेहूब दिसतो, पण आतला कागद किती मायक्रॉनचा आहे हे डब्यावर वाचून कळत नाही. बाकी त्या इंजेक्टर क्लीनरच्या बाटल्यांनी नोजलवरचा जमलेला थर थोडाफार जात असेल, झिजलेली व्हॉल्व्ह सीट काही परत उगवत नाही.

ज्यांना रिपेअर जमणार नाही आणि कंपनीचा रीमॅन्युफॅक्चर केलेला इंजेक्टर घ्यायचाय, त्यांच्यासाठी एवढंच की जुना परत द्यावा लागतो, त्यावर डिपॉझिट धरलेलं असतं, बॉडी तुटलेली असेल तर ते सहसा कापतात. देण्याआधी पार्ट नंबर आणि कोडचा फोटो काढून ठेवा, आणि नव्याच्या अंगावरचा नंबर तुमच्या समोर जुळवून घ्या.