फ्लेक्सवाल्याची पोरगी

मिरजेत माझं फ्लेक्स आणि रेडियमचं दुकान आहे. सोळा वर्षं झाली. वाढदिवस, निवड, अभिनंदन, दहावा, सगळ्याचे बोर्ड आमच्याकडे होतात. धंद्याचा नियम एकच, जागा मोकळी सोडायची नाही. वर नेते, मधे उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांची रांग. एकदा दहा बाय आठच्या बोर्डावर मी ४३ चेहरे बसवले. ४४वा राहिला म्हणून दोन दिवस त्याचे फोन खाल्ले.

आणि माझ्या पोरीला एका वेळी एकच वस्तू दिसते.

मनी आता पाच वर्षांची आहे. जन्मली तेव्हा वजन बरं होतं, रडलीही लगेच. पण दूध नीट ओढायची नाही, सारखी झोपलेली. ‘गुणाचं बाळ आहे’ म्हणून आम्हीच कौतुक करत बसलो. तिसऱ्या दिवशी तिची साखर एकदम उतरली, झटके आले, अकरा दिवस काचेत ठेवावं लागलं. पुढे एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागाला इजा दिसली. डोळ्यांतून आलेलं जिथे उलगडतं, तो भाग. तान्ह्या बाळाची साखर फार उतरली की बऱ्याचदा तोच भाग मार खातो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय : बाळ दूध ओढत नसेल, उठवूनही उठत नसेल, तर ‘शांत आहे’ म्हणू नका. साखर तपासा.

पाच महिन्यांची झाली तरी आमच्या तोंडाकडे बघेना. ट्यूबलाइटकडे मात्र टक लावून. एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ‘डोळे उत्तम आहेत, बघेल हळूहळू.’ दुसऱ्यांनीही तेच. ते खोटं बोलत नव्हते. बुबुळ, भिंग, पडदा, सगळं ठीकच होतं. माझ्या भाषेत सांगायचं तर फाइल चांगली होती, प्रिंट फाटकी येत होती. चौदाव्या महिन्यात तिसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय आणि मनी, दोन्ही समोर ठेवून नाव सांगितलं : सेरेब्रल व्हिज्युअल इम्पेअरमेंट. सीव्हीआय. डोळा नाही, मेंदू. नाव कळलं त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो. बऱ्याच दिवसांनी.

पण नाव कळून बघायचं कसं ते थोडंच कळतं? घरात तोवर खेळण्यांचा ढीग झाला होता. जो येईल तो काहीतरी रंगीबेरंगी, वाजणारं, चमकणारं आणायचा आणि तिच्या नाकासमोर हलवून ओरडायचा, ‘मने, हे बघ, हे बघ!’ ती मान फिरवायची. ‘लाजते,’ म्हणायचे. आत्या म्हणाली, ‘नाटकी आहे, पाहिजे तेव्हा बरोबर बघते.’

पाहिजे तेव्हा नाही, जमतं तेव्हा. पण ते कळलं एका श्रद्धांजलीच्या बोर्डामुळे.

रात्रीचे साडेनऊ झाले होते. गिऱ्हाइकाला सकाळी बोर्ड पाहिजे होता आणि वारलेल्या आजोबांचा फोटो काही येत नव्हता. स्क्रीनवर कोरलमध्ये, म्हणजे आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, नुसती काळी पाटी आणि कोपऱ्यात एक पिवळी ज्योत. बायको डबा घेऊन आली, तिच्या कडेवर मनी. मी ज्योत माउसनं धरून इकडून तिकडे सरकवत होतो, उगाच, वेळ जात नाही म्हणून. मनी गप्प झाली. मग तिची मान ज्योतीमागून वळली. डावीकडे नेली, डावीकडे. थांबवली, थांबली. मी ज्योत मोठी केली, लाल केली, परत सरकवली. पाठोपाठ नजर. बायको रडायला लागली आणि लगेच डोळे पुसून म्हणाली, ‘अहो, ते श्रद्धांजलीचं आहे, काढा ते, अशुभ.’ मी काढलं नाही. फोटो आला साडेदहाला. आजोबांच्या घरच्यांचा मी जन्माचा ऋणी आहे, त्यांना ते माहीत नाही.

नंतर व्हिडिओ कॉलवर एक थेरपिस्ट ताई मिळाल्या, त्यांनी उलगडून सांगितलं. अमेरिकेतल्या क्रिस्टीन रोमन-लँट्झी यांनी अशा मुलांची दहा लक्षणं मांडली आहेत. ठरावीक रंगाकडे ओढ, हलणारी वस्तू आधी दिसणं, दिव्याकडे टक लावणं, गर्दीत काहीच न सापडणं, नवीन वस्तूपेक्षा ओळखीची बरी वाटणं, असं बरंच. त्या रात्री स्क्रीनवर काळं मोकळं अंगण होतं, एकच वस्तू, एकच रंग, मागून उजेड आणि हालचाल. सगळं नकळत जुळून आलं होतं.

त्यानंतर आम्ही घरातून वस्तू काढायला सुरुवात केली. भर घालायची सवय असलेल्या माणसाला हे फार जड गेलं. फुलाफुलांची चादर गेली, साधी काळी आली. आईनं भिंतीवरची कॅलेंडरं उतरवली, फक्त देवाचं ठेवलं. उरलेल्या काळ्या सनबोर्डचे, म्हणजे फोमच्या हलक्या जाड पुठ्ठ्याचे, तीन तुकडे टेपनं जोडून मी घडीचा आडोसा केला. तिच्यासमोर तो उभा करायचा आणि पुढ्यात एकच लाल वाटी.

वाटी ठेवायची आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच अवघड. मी मनात आकडे मोजतो. पहिल्यांदा सतराला तिची नजर वाटीवर आली. मग तिनं तोंड फिरवलं, पार दाराकडे. आता गेलं म्हणून मी उठणार, तेवढ्यात तिचा हात आला. तोंड दाराकडेच, आणि बोटं बरोबर वाटीच्या काठावर. बघणं आणि हात घालणं ही दोन कामं तिला एकदम जमत नाहीत. आधी बघून ठेवायचं, मग न बघता घ्यायचं. एवढी वर्षं आम्ही ‘बघत नाही, लक्ष नाही’ म्हणून त्याच क्षणी वाटी उचलत होतो. हल्ली सहा-सातपर्यंत मोजावं लागतं. ताप असेल, झोप झाली नसेल तर परत वीस.

आवाजाचंही तसंच. मिक्सर लावला की तिचं दिसणं बंद. खरंच बंद. कानानं जागा अडवली की डोळ्यांना उरत नाही. म्हणून आमच्याकडे चटणी तिचं जेवण झाल्यावर होते. ताट स्टीलचं नाही, चकाकतं. खालच्या बाजूचं तिला कमी दिसतं, म्हणून बशी थोडी उंचावर. उंबऱ्याला आणि पायरीच्या कडेला मी पिवळ्या रेडियमची पट्टी लावली. रेडियम दुकानचंच. गाड्यांच्या नंबरप्लेटा कापून उरलेलं. शेजारी म्हणाले, ‘हायवे केलाय घराचा.’ म्हणू देत. गुडघे फुटायचे थांबले.

माणसं ती चेहऱ्यावरून ओळखत नाही. आजीला बांगड्यांवरून, मला लाल टी-शर्टवरून. एकसारखे पाच घेतलेत. लग्नात मी सदरा घालून समोर उभा राहिलो तर माझ्या अंगावरून तिची नजर तशीच पुढे गेली. ‘मनी’ म्हटलं, मग हात पसरले. माहीत असूनही घशात आवंढा आला.

दाखल्याची कथा लांब आहे, थोडक्यात सांगतो. २०१६च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी मोजतात ती तक्त्यावरची नजर आणि नजरेचा घेर यांवर. मोकळ्या खोलीत, एकेक चित्र दाखवलं तर मनीला बरंच दिसतं. बाजारात तिला भाऊसुद्धा दिसत नाही. मोजायला खोली शांतच असते. एका बाईंनी मला ऐकवलं, ‘दिसतंय की हिला, कशाला दाखला?’ मी काय बोलणार. आमचा कागद शेवटी दुसऱ्याच रकान्यातून झाला, हातापायांच्या.

बालवाडीत गेलो तर भिंतीवर इंचभर जागा नाही. फळं, फुलं, प्राणी, बाराखडी, वर झिरमिळ्या. बाई उत्साहानं दाखवत होत्या. त्यातला निम्मा माल माझ्याच दुकानात छापलेला. मी म्हटलं, ‘बाई, एक कोपरा मला मोकळा करून द्या, वरून काळा पडदा मी लावतो.’ त्यांनी आधी माझ्याकडे, मग भिंतीकडे बघितलं आणि स्टूल आणायला गेल्या. मनी तिथे पाठ भिंतीला लावून नव्हे, तोंड पडद्याकडे करून बसते. बाकीच्या पोरांना ती शिक्षा वाटायची, आता तेच तिथे बसायला भांडतात.

सांगली-मिरजेत कुणाच्या घरी असं लेकरू असेल तर काळा सनबोर्ड मी कापून देतो, घडी घालून, कडा टेपून. पैसे नकोत. फक्त उद्या सकाळी येऊ नका. उद्या एकाचा वाढदिवस आहे, पन्नास चेहरे बसवायचेत.