कागदावरची ताकद आणि घाटातली
आज दोन सेकंडहँड गाड्या जुन्या कात्रज घाटात चालवून पाहिल्या. २००९ ची होंडा सिटी, पेट्रोल, १४९७ सीसी, ११८ पीएस (इंजिनाची कमाल ताकद). दुसरी २०१२ ची स्विफ्ट डिझेल, १२४८ सीसी, फक्त ७५ पीएस. कागदावर निकाल लागलेलाच होता!

पण गाडीत चौघं, एसी चालू, आणि चढ. सिटीला सारखा दुसरा गिअर टाकावा लागला. तिचा १४६ एनएम टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, मिळतो ४६०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), स्विफ्टचा १९० एनएम २००० लाच. त्याखाली मात्र स्विफ्टचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, झोपलेला. एका वळणावर मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून मलाच जागं केलं.

सपाट रस्त्यावर सिटी सुसाट, वाद नाही. माझा कौल स्विफ्टला. सासूबाईंना मागे पाय पसरायला सिटीच हवी. उद्या पुन्हा बैठक.