झोन बदलाच्या हरकतीत नुसता विरोध नको, अट लिहा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात एक जाहीर सूचना येते: ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ३७ अन्वये...’ खाली सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि ‘अमुक विभागातून वगळून निवासी विभागात समाविष्ट करणे’ असा मजकूर. म्हणजे त्या जागेचा झोन, आराखड्यात ठरलेला वापर, बदलतो आहे. बहुतेक जण पान उलटतात. दोन वर्षांनी त्या जागेवर पत्रे लागतात, पायलिंगचं मशीन येतं, आणि मग सोसायटीची तातडीची सभा बोलावली जाते. तोवर बोलायची वेळ निघून गेलेली असते.

कारण सरळ आहे. झोन बदलला की पुढची बांधकाम परवानगी हा अर्जदार आणि नगररचना किंवा बांधकाम विभाग यांच्यातला मामला असतो. त्या टप्प्यावर जनतेकडून हरकती मागवल्या जात नाहीत. वीस हजार चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण २००६च्या अधिसूचनेने बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलं आहे. म्हणजे शेजाऱ्याला, भाडेकरूला, रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याला कायद्याने विचारलं जातं ते इथेच, सूचनेवर हरकती द्यायच्या या एका महिन्यात.

आधी सूचना नेमकी कोणी काढली ते बघा. कलम ३७(१) असेल तर ती महापालिकेची असते, हरकती तिथेच द्यायच्या आणि सुनावणीही तिथेच. ३७(१कक) असेल तर शासनाने स्वतः काढलेली असते. त्यात हरकती घेण्यासाठी आणि सुनावणीसाठी अधिकारी नेमलेला असतो, बहुधा नगररचना विभागाचा सहसंचालक किंवा सहायक संचालक. अशा सूचनेवरची हरकत महापालिकेच्या आवक विभागात देऊन निर्धास्त बसणं ही नेहमीची चूक आहे. कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात जाईपर्यंत मुदत संपते.

मुदत एक महिन्याची, सूचनेच्या तारखेपासून. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायलाही तीस दिवस असतात, त्यामुळे त्या उत्तरावर हरकत बेतायची म्हटलं तर हमखास उशीर होतो. अर्ज जरूर टाका, सुनावणीच्या वेळी तो उपयोगी पडेल. पण प्रस्तावित फेरबदलाचा, म्हणजे झोन बदलाचा, नकाशा कुठे पाहायला मिळेल ते सूचनेतच दिलेलं असतं. पहिल्याच आठवड्यात तिथे जा. विकास योजनेचा (शहराच्या आराखड्याचा) त्या जागेपुरता भाग नकाशा, जागेची मोजणी, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि प्रस्तावाची टिपणी मागा. टिपणीत बदलाचं कारण दिलेलं असतं, आणि तुमची हरकत त्या कारणाशी भिडायला हवी.

(औद्योगिक विभागातल्या जागेची गोष्ट वेगळी. मुंबईबाहेर लागू असलेल्या बांधकामाच्या एकीकृत नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, काही अटींवर तिथे थेट परवानगीने निवासी वापर होऊ शकतो. त्यामुळे कलम ३७ची सूचना निघेलच असं धरून बसू नका.)

आता आकड्यांकडे. झोन बदलल्यावर तिथे किती बांधकाम होणार हे सूचनेत लिहिलेलं नसतं. ते बरंचसं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून ठरतं. यूडीसीपीआरप्रमाणे महापालिका क्षेत्रात मूळ एफएसआय, म्हणजे जागेच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, १.१०. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तेवढ्यावरच थांबायचं. ९ ते १२ मीटरमध्ये प्रीमियम (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) धरून २.००, १२ ते १५ मीटरमध्ये २.२५, १५ ते २४ मीटरमध्ये २.५०. त्यावर निवासी इमारतीला प्रीमियम भरून ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र मिळतं. बाल्कनी, जिने, लॉबी वगैरे त्यात येतात.

समजा चार हजार चौरस मीटरची जागा सार्वजनिक-निमसार्वजनिक (शाळा, दवाखाने वगैरेंच्या) विभागातून निवासी विभागात जाते आहे आणि समोर १२ मीटरचा रस्ता आहे. ४,००० गुणिले २.२५ म्हणजे ९,०००. त्यात ६० टक्के मिळवले की १४,४०० चौरस मीटर. निम्म्या जागेवर इमारत धरली तर खाली पार्किंग आणि वर सात मजले. घरटी नव्वद चौरस मीटर एकूण बांधकाम धरलं तर १६० घरं. घरात पाच माणसं धरून ८०० माणसं, माणशी रोज १३५ लिटरप्रमाणे १,०८,००० लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे अकरा टँकर. हिशेब ढोबळ आहे, पण ‘पाण्यावर ताण येईल’ या वाक्यापेक्षा टिपणी लिहिणाऱ्याला तो खोडून काढणं अवघड जातं.

रस्ता स्वतः मोजा. आराखड्यावरचे १२ मीटर आणि जागेवरचे १२ मीटर यांत पुष्कळदा फरक असतो, कारण रुंदीकरणाची पट्टी ताब्यात आलेली नसते. तीस मीटरची टेप घ्या, मुख्य रस्त्याच्या तोंडापासून जागेपर्यंत दर वीस मीटरवर भिंत ते भिंत माप घ्या, टेपवरचा आकडा दिसेल असा फोटो काढा आणि भाग नकाशाच्या प्रतीवर आकडे लिहा. सर्वांत अरुंद ठिकाण लाल पेनाने दाखवा. हे एक पान तीनशे सह्यांना भारी पडतं. एकाच मजकुराच्या सह्या सुनावणीत एक मुद्दा म्हणूनच ऐकल्या जातात.

उजेडाचा मुद्दाही असाच मोजता येतो. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. २४ मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेकडे साडेएकवीस मीटरपर्यंत जाते. उंचीच्या पाचव्या भागाइतकी, म्हणजे ४.८ मीटर मोकळी जागा (सामासिक अंतर) सोडली आणि शेजारच्या इमारतीने ३ मीटर सोडलेली असली, तर उत्तरेकडच्या त्या इमारतीच्या भिंतीवर ती सावली पंधरा मीटर उंचीपर्यंत चढते. पाचव्या मजल्यापर्यंतच्या घरांचं दुपारचं ऊन त्या दिवसांत गेलं. ‘आमचं ऊन जाईल’ एवढंच लिहिलं तर ‘नियमानुसार सामासिक अंतर सोडण्यात येईल’ असं उत्तर येणार. पण ४,००० चौरस मीटरपासून पुढच्या जागेत दहा टक्के मनोरंजनाची खुली जागा ठेवावीच लागते. ती उत्तर बाजूला ठेवावी, अशी अट मागितली तर बांधणाऱ्याचं एक चौरस फूटही कमी होत नाही आणि शेजाऱ्यांचं ऊन बरंचसं वाचतं.

आमच्या मते सगळ्या हरकतीचं बळ अशा अटीत आहे. कलम ३७(२)प्रमाणे शासन संचालक, नगररचना यांच्याशी विचारविनिमय करून फेरबदल जसाच्या तसा मंजूर करू शकतं, बदल करून किंवा अटी घालून मंजूर करू शकतं, किंवा नाकारू शकतं. लोक फक्त नाकारण्याची मागणी करतात. ती मान्य झाली नाही की हातात काही उरत नाही. अट मात्र मंजुरीच्या अधिसूचनेत छापली जाते आणि पुढच्या प्रत्येक परवानगीला चिकटते.

हरकतीचा मजकूर असा असावा: ‘स.नं. अमुक, क्षेत्र ४,००० चौ.मी., दि. अमुकच्या सूचनेतील फेरबदलास आमची पुढील हरकत व सूचना आहे. समोरील रस्ता आराखड्यात १२ मीटर असून जागेवर तीन ठिकाणी ७ मीटरपेक्षा कमी आहे (मोजमाप व फोटो जोडले आहेत). फेरबदल मंजूर करायचा झाल्यास पुढील अट घालावी: मुख्य रस्त्यापर्यंतची पूर्ण लांबी १२ मीटर रुंदीने प्रत्यक्ष ताब्यात येऊन विकसित झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.’ एका मुद्द्याला एक परिच्छेद, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी काय हवं ते एका वाक्यात. बिल्डरच्या हेतूंबद्दल एक शब्दही नको. तो मुद्दा नगररचनेचा नाही, आणि त्याच्यासोबत तुमचे खरे मुद्देही बाजूला पडतात.

पाठिंबाही लेखी द्या, हे आवर्जून सांगायचं आहे. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असं म्हटलं आहे. जागामालक किंवा शेजारी असण्याची गरज नाही. त्या भागात भाड्याने राहणारे, रोज दीड तास प्रवास करून तिथे कामाला येणारे, घरकाम करणाऱ्या बायका यांना सात मजली इमारतीत घर हवं असतं, पण त्यांचं पत्र फाइलमध्ये नसतं. शहरात स्टेशनजवळ आणि बसमार्गावर अशी मध्यम उंचीची घरं व्हायलाच हवीत. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा मोठ्या जागेवर मूळ एफएसआयच्या किमान २० टक्के बांधकाम ३० ते ५० चौरस मीटरच्या लहान घरांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. ती घरं याच जागेवर बांधावीत, अशी सूचना पाठिंब्याच्या पत्रात जरूर असावी.

पत्र तीन प्रतींत करा. एक सूचनेत दिलेल्या कार्यालयाच्या आवक विभागात, एक पोस्टाच्या स्पीड पोस्टने, आणि आवक क्रमांक व शिक्क्याची एक आपल्याकडे. सोसायटीतर्फे देत असाल तर ठरावाची प्रत आणि सुनावणीला कोण येणार त्याचं अधिकारपत्र जोडा. पत्ता आणि मोबाइल नंबर सुवाच्य हवा, नाहीतर सुनावणीची नोटीस पोचत नाही आणि तुम्ही ‘गैरहजर’ ठरता.

सुनावणीत मिनिटं मोजकीच मिळतात. नकाशाचं पान अधिकाऱ्यासमोर ठेवा, अट वाचून दाखवा, लेखी म्हणणं द्या आणि हजेरीवर सही करा. बाहेर पडताना पुढचा अहवाल कोणत्या तारखेला कुठे जाणार ते विचारून घ्या. महापालिकेकडून प्रस्ताव शासनाकडे गेला की त्याच कागदांचा एक संच मंत्रालयात नगरविकास विभागालाही पाठवा.

मंजुरीची अधिसूचना राजपत्रात येते आणि तिच्यासोबतच्या अनुसूचीत अटी असतात. ती छापून सोसायटीच्या फाइलला लावा. जागेवर पत्रे लागतील त्या दिवशी मंजूर नकाशाची प्रत मागवा, आणि खुली जागा खरोखर उत्तरेला दाखवली आहे का ते त्या छापील अटीवर बोट ठेवून ताडून पाहा.