दर दोन तासांनी

परवा दुपारी आईनं वेळ बघायला फोन उचलला आणि तो किणकिणला. "दोन वाजले. ड्रॉप्स टाका." तेव्हा पावणेचार वाजले होते.

"तुझ्या ॲपचं घड्याळ मागे पडतं का रे?" आई म्हणाली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिच्या डोळ्यात दर दोन तासांनी ड्रॉप्स टाकायचे आहेत. मी ॲप लिहूनच पोट भरतो, तेव्हा म्हटलं, आईसाठी बाजारचं कशाला? बसलो आणि तासाभरात लिहून टाकलं.

घड्याळ मागे पडलं नव्हतं. फोन झोपला होता. अँड्रॉइडला ही सवय 2015 मध्ये, सहाव्या आवृत्तीपासून लागली. डोझ म्हणतात तिला. चार्जरला लावलेला नाही, स्क्रीन बंद, कुणी हलवतही नाही, असा फोन काही वेळानं डोळे मिटतो. मधूनच उठतो, साचलेली कामं एकदम उरकतो आणि पुन्हा आडवा होतो, आधीपेक्षा जास्त वेळ. वामकुक्षीच की. ॲपची कामं मागच्या मागे वेळेवर लावणारा अँड्रॉइडचा वर्कमॅनेजर आहे, त्याला पुन्हापुन्हाचं काम सांगावं तर पंधरा मिनिटांच्या आतलं तो कानावरच घेत नाही, आणि पंधरा म्हटलं तरी ते त्याच्या सवडीनं. अगदी ठोक्याला उठवायचं तर रीत वेगळी, आणि बाराव्या आवृत्तीपासून त्यासाठी परवानगीही लागते. हे सगळं मला पाठ आहे. गिऱ्हाइकाचं काम करताना आठवतं. आईच्या वेळी म्हटलं, घरचंच तर आहे.

खरी गंमत पुढे. दोनचे ड्रॉप्स पावणेचारला पडले, मग आता पुढचे कधी? आई म्हणाली, "चारला. चारची वेळ चारचीच." बाबा म्हणाले, "छे! दर दोन तासांनी म्हणजे मागच्यापासून दोन तास. पावणेसहा." बाटलीवर याचं उत्तर छापलेलं नाही. प्रोग्रॅमिंगच्या जावा भाषेत मात्र दोघांसाठी दोन वेगळी फंक्शनं आहेत. एक फिक्स्ड रेट, दुसरं फिक्स्ड डिले. आई रेटवाली, बाबा डिलेवाले. बाबांच्या पद्धतीत एकदा झालेला उशीर दिवसभर सुटत नाही. त्यांचा दुपारचा चहा असाच सरकत सरकत दिवेलागणीला जाऊन पोचलाय.

सिंहस्थ तेवढा या दोघांच्याही हिशेबात बसत नाही. बारा वर्षांनी, असं आपण म्हणतो खरं, पण तो येतो गुरू सिंह राशीत शिरला की. आणि गुरूची सूर्याभोवतीची फेरी पुरती बारा वर्षांची नाही, 11.86 वर्षांची आहे. ही तूट साचता साचता कधीतरी वर्षच गळतं. हरिद्वारचा कुंभ नाही का, 2010 नंतर अकराच वर्षांनी, 2021 ला आला. आपला नाशिकचा 2015 नंतरचा आता 2026-27 मध्ये. मंडप आणि रस्त्यांची कामं मात्र दर खेपेला शेवटच्या महिन्यातच, त्यात फरक नाही.

लहानपणी आम्ही रविवार कारंज्याजवळच्या एका वाड्यात राहायचो. नळ पहाटे यायचे. कधी साडेचारला, कधी साडेपाचला, आणि तास झाला की जायचे. आजी मला उठवायची, "जा रे, नळ आले का बघ." मी अर्धवट झोपेत चौकात जायचो, तोटीला कान लावायचो. नाही. परत पांघरुणात. पाच मिनिटांनी, "आता बघ." पाणी यायच्या आधी तोटीतून हवा सुटते, सूंऽऽ अशी, मग दोन-चार ठसके, मग गढूळ धार. ती हवा ऐकायला मिळाली की मला उगाचच पराक्रम केल्यासारखं वाटायचं. थंडीत त्या फरशीवर अनवाणी पाच खेपा व्हायच्या. पुढे कॉम्प्युटरच्या तासाला सर 'पोलिंग', म्हणजे काही आलं का ते पुन्हापुन्हा जाऊन बघणं, शिकवायला लागले, तेव्हा माझे तळवेच गार पडले.

एका थंडीत मला ताप आला. त्या रात्री आजीनं तोटी उघडीच ठेवली आणि खाली पत्र्याचं घमेलं पालथं घातलं. पहाटे पाणी आलं तसा ताशा वाजावा असा आवाज झाला आणि अख्खा वाडा उठला. शेजारच्या काकू जाम चिडल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीही विचारलं, "घमेलं लावलंय ना?"

मग इतके दिवस मला का उठवत होती, हे आजीला विचारायचं राहूनच गेलं.

ॲप दुरुस्त केलंय म्हणा. परवानगी मागितली, आईनं न वाचता दिली. आता दोन वाजून दहा मिनिटं झालीत. फोन तिच्या उशाशी गप्प पडलाय आणि तीही गाढ झोपलीय, ऑपरेशनच्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवून. दोघांपैकी आधी कुणाला हलवावं ते काही ठरत नाहीये.