धार विळीची, धार डोळ्यांची

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून आपल्याकडे जे उपाय सांगितले जातात, त्यांतले बहुतेक चिरणाऱ्याच्या अंगावर करायचे असतात, कांद्यावर नव्हे. डोक्यावर कांद्याची साल ठेवावी, दातांत आगकाडी धरावी, पावाचा तुकडा ओठांत पकडून तोंडाने श्वास घ्यावा, कपाळावर पाणी लावावे. बेळगावात आमच्या गल्लीत मराठी आणि कन्नड घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत, आणि सीमेच्या प्रश्नावर त्या भिंतींच्या दोन बाजूंना काहीही मते असली तरी हे उपाय मात्र बिनदिक्कत ये-जा करतात. आगकाडीचा उपाय मला पलीकडच्या अक्कांनी सांगितला. त्यांना तो वडगावातल्या एका मराठी मैत्रिणीने सांगितला होता, आणि तिला तो कोणा कन्नड शिक्षिकेकडून मिळाला होता. एवढा प्रवास करूनही तो कोणाच्याच उपयोगी पडलेला दिसत नाही.

या उपायांची खरी परीक्षा आषाढात होते. आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. दोन दिवसांनी एकादशी येते आणि चातुर्मास लागतो; त्या चार महिन्यांत कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरे आमच्याकडे अजून आहेत, त्यामुळे नवमीला भजी, थालीपीठ, पीठ पेरलेली कांद्याची भाजी असा सगळा स्वयंपाक कांद्याभोवती फिरतो आणि टोपलीभर कांदा चिरल्याशिवाय चूल पेटत नाही. नेमकी त्याच वेळी खानापूरच्या बाजूने पावसाची झड लागलेली असते. खिडक्या लावलेल्या, दारे पाण्याने फुगून चौकटीत अडकलेली, आणि त्या कोंदट स्वयंपाकघरात चिरणारी, कणीक मळणारी, नुसतीच गप्पा मारायला आलेली अशा सगळ्याजणी एकदमच डोळे पुसू लागतात. गप्पा मारणारीने तर विळीला हातही लावलेला नसतो. दोष चिरणाऱ्याच्या डोक्यात किंवा दातांत नसून हवेत आहे, हे एवढ्यावरून कळायला हरकत नाही.

अखंड कांदा कितीही वेळ नाकाजवळ धरला तरी डोळे कोरडेच राहतात, कारण कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात आणि त्याच्यावर क्रिया करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात असते. एकाच छपराखाली चुली वेगळ्या केलेल्या जावांसारखा त्यांचा संसार चालतो. पाते फिरले की मधली भिंत पडते आणि दोघींची गाठ पडते. त्यातून जे तयार होते, त्याच्यावर दुसरे एक विकर काम करते आणि मग तो चटकन उडणारा वायू निर्माण होतो. बुबुळाच्या पृष्ठभागावरील नसांना तो झोंबला की डोळा स्वतःला धुऊन काढू लागतो. हे दुसरे विकर जपानमधील हाऊस फूड्स या कंपनीच्या संशोधकांनी शोधून काढले आणि २००२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तोवर सगळा आळ पहिल्याच विकरावर घेतला जात होता. लसणातही पहिल्या जातीचे विकर असते, पण त्याच्याजवळचे द्रव्य निराळे, त्यामुळे लसूण सोलताना बोटांना वास लागतो, डोळ्यांना धार लागत नाही.

आता विळीकडे पाहू. सुरीने ओट्यावर चिरणारी बाई कांद्यापासून हातभर दूर, ताठ उभी असते. विळीवर बसलेली बाई पाट पायाखाली दाबून, दोन्ही हातांनी कांदा वरून पात्यावर रेटते आणि तिचा चेहरा बरोबर पात्याच्या वर ओणवलेला असतो. विळी बोथट असेल तर मग विचारूच नये. २०२५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी छोट्या गिलोटिनसारख्या पात्याखाली कांदे चिरून, अतिवेगवान कॅमेऱ्याने ते टिपून दाखवले की बोथट पाते पापुद्र्याला आधी दाबते, आतला रस दाबाखाली येतो आणि पापुद्रा फाटताच त्याचा तुषारांसारखा फवारा उडतो. पाते धारदार असेल आणि हात सावकाश चालत असेल, तर फवारा पुष्कळ कमी होतो. माझ्या आजीला कॅमेऱ्याची गरज पडली नव्हती. कोणी डोळे चोळत बसलेले दिसले की ती आतूनच ओरडायची, “रडायलीस कशाला, विळीला धार लाव की!” धार लावणारा गल्लीत आला नसेल तर ती चिनी मातीची बशी पालथी घालून तिच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पाते तिरके धरून घासायची, बशीवर काळपट रेघा उमटायच्या आणि त्यानंतरचा कांदा पात्यावर टेकवताच आपल्या वजनाने खाली उतरल्यासारखा चिरला जायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात पोत्याने कांदा चिरणारे आचारी पाहावेत. त्यांच्या डोळ्यांना सवय झाली आहे, असे आपण म्हणतो, पण त्यांच्याकडची पाती नीट पाहिली आणि मांडवाच्या उघड्या बाजू पाहिल्या की सवयीचे कौतुक निम्मे तरी कमी करावे लागेल. शेतात भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदाही तसा रडवत नाही, कारण तिथला वारा तो वायू लगेच उधळून लावतो. संकेश्वरी मिरचीचे मात्र असे नाही. तिचा दाह उडून जात नाही, बोटांना चिकटून राहतो आणि दुपारी डोळा चोळला की सकाळची आठवण करून देतो.

एक उपाय मात्र आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या रोज केला जातो आणि तरीही तो उपाय आहे, हे कोणी म्हणत नाही. मटणाच्या रश्श्याचे वाटण करायचे असेल तर कांदा सालासकट निखाऱ्यावर, किंवा आता गॅसवर जाळी ठेवून, भाजतात. साल जळून कोळसा होते, बुडाशी रस उकळून फुसफुसतो, आणि चिमट्याने दाबून पाहिला की कांदा मऊ लागतो. मग वरचा काळा पापुद्रा बोटांनी ओढला की आतला गर पारदर्शक, किंचित पिवळसर निघतो. तो चिरा, ठेचा, त्याच्यावर तोंड धरून बसा; डोळ्यांत टिपूस येत नाही. उष्णतेने विकर निकामी झालेले असते, मग पेशी कितीही फुटल्या तरी त्यांचे काही चालत नाही. अर्थात भज्याला किंवा चुरमुऱ्यांच्या गिरमिटावर भुरभुरायला हा कांदा काही कामाचा नाही, कारण झोंबरेपणाबरोबर त्याची चवही निघून गेलेली असते.

याच कारणाने त्या जपानी कंपनीने २०१५ साली जाहीर केलेल्या न रडवणाऱ्या कांद्याबद्दल मला फारसे कुतूहल वाटले नाही. त्यांच्या विकराच्या शोधाला २०१३ साली, आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाते ते, इग नोबेल मिळाले, ते योग्यच झाले. पण ज्या कांद्यात विकराचे बळ नाही त्यात तिखटपणाही नाही, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर असा सोज्वळ कांदा खाण्यापेक्षा चार थेंब डोळ्यांतून गेलेले परवडले. चिरलेला कांदा पाण्यात टाकून ठेवण्याबाबतही माझे हेच म्हणणे आहे. वायू पाण्यात विरतो, हे खरे, पण कांद्याचा जीवही त्याच पाण्यात विरतो. त्यापेक्षा देठाकडून सुरुवात करावी आणि मुळाकडचा भाग शेवटपर्यंत तसाच ठेवावा. पापुद्रे सुटत नाहीत आणि काम लवकर उरकते.

सासूबाईंना यातले काही पटत नाही. त्या विळीच्या टोकाला कांद्याचा एक काप टोचून ठेवतात आणि तो सगळा झोंबरेपणा आपल्याकडे ओढून घेतो, असे ठामपणे सांगतात. कांदेनवमीच्या आदल्या रात्री मी बशी पालथी घालून विळीला धार लावते, सकाळी पाऊस आत आला तरी चालेल म्हणून मागचे दार सताड उघडते, आणि त्या मग टोकाला आपला काप टोचून चिरायला बसतात. टोपली रिकामी होते, कोणाला फारसे पाणी पुसावे लागत नाही, आणि श्रेय कापाला मिळते. मी हुज्जत घालत नाही, कारण त्या दिवशी कढईजवळ त्याच बसतात आणि भज्यांचा पहिला घाणा कोणाच्या ताटात पडायचा, हेही त्याच ठरवतात.